माला-एन चालू असताना काढा, कल्प आणि हर्बल कॅप्सूल: कशाने गोळीला बाधतं, कशाने नाही

प्रश्न थोडक्यात असा. देवगड तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलाय. वय २९, मुलगा अडीच वर्षांचा. आशाताईंकडून मिळणाऱ्या माला-एन या गर्भनिरोधक गोळ्या वर्षभर न चुकता चालू आहेत. सासूबाई सकाळी परसातल्या गुळवेलीचा काढा देतात, रात्री दुधातून शतावरी कल्प. मुंबईच्या बहिणीने ‘मन शांत राहायला’ ऑनलाइन मागवलेल्या हर्बल कॅप्सूल पाठवल्या, त्या दीड महिना घेतायत. डबीवर ‘सेंट जॉन्स वॉर्ट’ असं नाव आहे. गेले तीन आठवडे पाळी नसताना मध्येच डाग लागतायत. गोळ्यांचं नवऱ्याखेरीज घरात कोणाला माहीत नाही. त्या विचारतात, झाडपाल्याचंच औषध आहे, मग त्याने गोळीला बाधतं का? यातलं काय बंद करू?

ताई, आधी आजच्या आज करायच्या गोष्टी सांगते, कारणं मागाहून. मेडिकलमधून किंवा आशाताईंकडून किट घेऊन उद्या सकाळच्या पहिल्या लघवीवर गर्भचाचणी करा. त्या कॅप्सूल थांबवा. माला-एन मात्र थांबवू नका, रोजच्या वेळेला घेत राहा आणि आजपासून निरोध वापरा. कॅप्सूलची शेवटची मात्रा पोटात गेली त्या दिवसापासून पुढे २८ दिवस निरोध सुरूच ठेवायचा. चाचणी नकारात्मक आली तरी तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा करा, कारण अगदी अलीकडे दिवस राहिले असतील तर पहिल्या चाचणीत दिसत नाही. सकारात्मक आली तर गोळ्या थांबवून सरळ डॉक्टरकडे या, घरगुती काहीही घेऊ नका. ‘गोळ्या पोटात गेल्या, आता बाळात व्यंग येईल’ ही भीती बाळगू नका. न कळत सुरुवातीच्या दिवसांत या गोळ्या घेतल्या गेल्याने बाळात दोष येतो असं दिसलेलं नाही.

तुमच्या यादीत तीन वस्तू आहेत. काढा, कल्प आणि कॅप्सूल. त्यातली गोळीला खरोखर बाधणारी एकच, ती कॅप्सूल.

सेंट जॉन्स वॉर्ट ही पिवळ्या फुलांची वनस्पती, शास्त्रीय नाव हायपरिकम परफोरेटम. युरोपात उदासीवर फार वापरतात. आपल्याकडे हिमालयाच्या बाजूला होते, कोकणात नाही, त्यामुळे इथल्या कुठल्या वैद्याच्या बटव्यात ती सापडणार नाही. ती येते ती ऑनलाइन, नाहीतर परदेशातून आलेल्या पाहुण्याच्या बॅगेतून. तिच्यातलं हायपरफोरिन नावाचं द्रव्य यकृताला जास्तीची विकरं (एन्झाइम) तयार करायला लावतं. माला-एनच्या हार्मोनच्या गोळीत ०.०३ मिलिग्रॅम इथिनिल एस्ट्रॅडिऑल आणि ०.१५ मिलिग्रॅम लेवोनॉरजेस्ट्रेल असतं. मात्रा मुळातच बारीक, दुष्परिणाम कमी व्हावेत म्हणून मुद्दाम तेवढीच ठेवलेली. यकृतातली जी विकरं या हार्मोन्सना मोडतात तीच वाढली, की रक्तातली पातळी खाली जाते. आधी गर्भाशयाचं अस्तर नीट टिकत नाही आणि डाग लागतात. पातळी आणखी घसरली तर बीज सुटू शकतं. म्हणून तुमचे डाग मी गंभीरपणे घेते. वर्षभर गोळी सुरळीत चाललेली बाई, कॅप्सूल सुरू केल्यावर तीनेक आठवड्यांत डाग, हा क्रम फार बोलका आहे.

हे नुसते तर्क नाहीत. २००० साली एचआयव्हीच्या एका औषधाची रक्तातली पातळी या वनस्पतीमुळे निम्म्याहून जास्त घसरलेली दिसली. तेव्हा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डॉक्टरांना इशारा दिला आणि त्यात गर्भनिरोधक गोळ्यांचाही उल्लेख केला. २००३ साली गोळ्या घेणाऱ्या १२ स्त्रियांवरचा एक अभ्यास आला. नुसती गोळी घेताना त्यांच्यातल्या दोघींना मधले डाग लागत होते, जोडीला ही वनस्पती दिल्यावर सातजणींना. विकरं वाढायला एक-दोन आठवडे लागतात आणि औषध सोडल्यावर ओसरायलाही वेळ लागतो, म्हणून ते २८ दिवस. या काळात निरोध फाटला किंवा राहून गेला तर नेहमीची ‘७२ तासांची’ गोळी एकटी भरवशाची नाही, तीही याच विकरांच्या तावडीत सापडते. पाच दिवसांच्या आत कॉपर-टी बसवून घेणं हा जास्त खात्रीचा उपाय. ती जमत नसेल तर गोळीची मात्रा किती घ्यायची ते डॉक्टरला विचारा, स्वतः ठरवू नका.

आणि कॅप्सूल ज्यासाठी घेत होतात तिकडे दुर्लक्ष नको. झोप नाही, रडू येतं, कशात मन लागत नाही, असं असेल तर ते दुखणंच आहे आणि त्याला उपचार आहेत. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांपैकी बहुतेक माला-एनसोबत चालतात. फक्त त्या आणि सेंट जॉन्स वॉर्ट एकत्र कधीच घ्यायच्या नाहीत. मेंदूतलं सेरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकतं.

होमिओपॅथीत हायपरिकम नेहमीचं. बोट दरवाजात चेंगरलं, शीर दुखावली की देतात. त्याच्या ३० किंवा २०० पोटेन्सीच्या साबुदाण्याच्या गोळ्यांत मूळ वनस्पती जवळजवळ नसतेच, त्यांची काळजी नको. मदर टिंक्चर वेगळं, तो वनस्पतीचा खरा अर्क असतो. ते थेंब रोज पोटात घेत असाल तर सांगायला हवं.

आता परसातल्या गोष्टी.

गुळवेलीने गर्भनिरोधक गोळी निकामी होते असं म्हणायला आधार नाही. पण रोज, महिनोन्‌महिने काढा घेण्याच्या मी विरोधात आहे, आणि त्याचं कारण यकृत. कोविडच्या काळात घरोघर गुळवेल उकळली जात होती. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला, गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत होते असं म्हटलं. गल्लत होते हे खरंच आहे, आणि कुंपणावरची वेल तोडून आणताना ती घरातल्या कोणाला ओळखता येईलच असं नाही. माला-एनची हार्मोन्सही यकृतातूनच जातात. कावीळ झालेली असताना ही गोळी नव्याने सुरू करत नाहीत. म्हणून सासूबाईंचा मान राखून काढा आठ-पंधरा दिवसांवर आणा, रोजचा नेम नको. डोळे पिवळे, लघवी गडद, अन्नावरची वासना गेली, अंग खाजतंय, यातलं काही दिसलं तर काढा त्याच दिवशी बंद आणि रक्ताची यकृत-तपासणी. कोकणात काविळीला गावठी औषधाची पाती घ्यायला लोक दूरदूर जातात. जाणाऱ्याला मी अडवत नाही, पण जाण्याआधी रक्त तपासा आणि गोळी चालू असल्याचं डॉक्टरला सांगा.

शतावरी कल्पाचं मला तेवढं वाटत नाही. शतावरीत इस्ट्रोजेनसारखी सौम्य द्रव्यं आहेत, पण बाईने दुधातून चमचा-दोन चमचे कल्प घेतला म्हणून गोळी कमी पडली असं दिसत नाही. कल्पात साखर भरपूर असते, मधुमेह असेल तर तिचा हिशोब करा. अळीव, मेथी, डिंक, बाळंतशोपा हे बाळंतिणीचं खाणं, ते बिनघोर चालतं. उलट बाळंतिणीच्या बाबतीत माझी हरकत गोळीलाच असते. अंगावर पाजणाऱ्या आईने पहिले सहा महिने माला-एनसारखी मिश्र गोळी घेऊ नये, दूध कमी होऊ शकतं. मग दूध आटलं म्हणून शतावरी वाढवत बसतात. तिच्यासाठी कॉपर-टी आहे, बिनहार्मोनची छाया गोळी आहे, सहा आठवड्यांनंतर अंतराचं इंजेक्शनही आहे.

हळद, आलं, मिरी, दालचिनी, कोकम स्वयंपाकात कितीही येऊ देत. माझी भीती अर्काची आहे. हळद भाजीत असते तेव्हा तिच्यातलं कर्क्युमिन अंगात फारसं शोषलं जात नाही. कॅप्सूलमध्ये तेच दाट करून, वर मिरीतलं पायपरिन घालून शोषण मुद्दाम वाढवलेलं असतं. पायपरिन इतर औषधांच्या मोडण्यातही ढवळाढवळ करतं, आणि अशा दाट कर्क्युमिनमुळे यकृताला सूज आल्याची उदाहरणं आहेत. वजन उतरवायच्या ‘गार्सिनिया’ कॅप्सूलचंही तेच. गार्सिनिया म्हणजे कोकमाची भावकी. कोकमाच्या सालीतलं हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लच त्यांत दाट करून भरलेलं असतं. आपल्या सोलकढीचंच औषध, असं वाटून बायका निर्धास्त घेतात. सोलकढीने कोणाचं यकृत बिघडत नाही, या कॅप्सूलनी बिघडल्याच्या नोंदी आहेत. ग्रीन टी कपातून प्या, त्याच्या अर्काच्या गोळ्या नकोत. अश्वगंधेनेही काहींच्या यकृताला इजा झालेली आहे, शिवाय ती थायरॉइडचं हार्मोन वाढवू शकते. थायरॉइडची गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय अश्वगंधा नको.

ज्येष्ठमधाकडे कोणी संशयाने बघत नाही, पण घसा बसला म्हणून दोन दिवस कांडी चघळणं वेगळं आणि आम्लपित्तावर महिनाभर चूर्ण घेणं वेगळं. जास्त दिवस घेतलं की ते अंगात मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम कमी करतं आणि रक्तदाब चढवतं. गोळीतल्या इस्ट्रोजेननेही काहींचा रक्तदाब वाढतो. दोन्ही एकत्र असतील तर महिन्याला रक्तदाब मोजा. १४०/९० किंवा त्याच्या वर गेला तर मिश्र गोळी तुमच्यासाठी नाही, दुसरं साधन घ्या.

गणपतीत माटवीला बांधलेलं पपनस नंतर घरात सोलून खातात. पपनस हे ग्रेपफ्रूटच्या नात्यातलं फळ. ग्रेपफ्रूटने गोळीतल्या इस्ट्रोजेनची पातळी थोडी वाढते, कमी होत नाही. चार फोडी खाऊन गोळीचा भरवसा जात नाही. खुशाल खा.

ज्या औषधांची मला सगळ्यांत जास्त धास्ती वाटते त्यांवर नावच नसतं. कागदाच्या पुड्या, लेबल नसलेल्या बाटल्या, आठवडी बाजारातलं सांधेदुखीचं चूर्ण. सांधेदुखीच्या आणि दम्याच्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. फिटच्या ‘आयुर्वेदिक’ पुड्यांत फेनोबार्बिटोन सापडल्याची उदाहरणं आहेत, आणि फेनोबार्बिटोन सेंट जॉन्स वॉर्टसारखंच गोळीची हार्मोन्स भराभर मोडायला लावतं. म्हणजे बाई समजते आपण मुळी घेतोय आणि पोटात जात असतं भलतंच. २००८ साली इंटरनेटवरून विकत घेतलेल्या आयुर्वेदिक औषधांची तपासणी प्रसिद्ध झाली, त्यातल्या सुमारे पाचव्या हिश्श्यात शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. पुढे मूल हवं असलेल्या बाईच्या अंगात शिसं साठणं मला अजिबात चालत नाही. म्हणून लेबल वाचायची सवय करा. आयुर्वेदिक औषधावर उत्पादकाचा आयुष परवाना क्रमांक, घटकांची नावं आणि प्रमाण, बॅच आणि मुदत हवी. पूरक आहार म्हणून विकतात त्यावर एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक हवा. तो असला म्हणजे वस्तू गुणकारी ठरत नाही, निदान कोणाला जाब विचारायचा ते कळतं. ‘गुप्त मिश्रण’ असं लिहिलेलं काहीही घरात आणू नका. कशाने त्रास झालाच तर औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करणारा सरकारी टोल-फ्री क्रमांक आहे, १८००-१८०-३०२४.

जुलाब-उलटीचं मात्र सगळ्यांनीच लक्षात ठेवा, कारण यात वनस्पती कुठली याने फरक पडत नाही. गोळी पोटात राहिली तरच शोषली जाणार. पावसाळ्यात पंचकर्म करतात, वमन-विरेचन घेतात, काही घरांत पोट साफ करायला एरंडेल किंवा सनाय देतात. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर पाकिटातली दुसरी गोळी घ्या. उलटी किंवा जोराचे जुलाब दोन दिवसांच्या वर चालले तर गोळ्या चालू ठेवून निरोध वापरा, आणि पोट ठिकाणावर आल्यावरही सात दिवस वापरा. विरेचन ठरवून घेणार असाल तर वैद्यांना आधी सांगा. इसबगोल रोज घेणारीने गोळी आणि इसबगोल यांच्यात दोन तासांचं अंतर ठेवावं.

भातलावणीच्या दिवसांत लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होऊ नये म्हणून आरोग्य खातं डॉक्सिसायक्लिन वाटतं, आठवड्याला २०० मिलिग्रॅम. बायका दरवर्षी विचारतात, त्याने माला-एन बाद होते का? नाही होत. लेप्टोने माणसं जातात, ती गोळी चुकवू नका. उपाशीपोटी घेतली की मळमळते, म्हणून जेवून, भरपूर पाण्याबरोबर घ्या. दिवस गेल्याची शंका असेल तर मात्र घेण्याआधी सांगा. गोळीला खरोखर बाधणारं प्रतिजैविक क्षयरोगावरचं, रिफाम्पिसिन. क्षयाचे उपचार चालू असलेल्या बाईने आणि फिटसाठी फेनिटोइन, कार्बामाझेपिन किंवा फेनोबार्बिटोन घेणारीने माला-एनवर विसंबू नये. हातात बसवतात त्या गर्भनिरोधक कांडीवरही या औषधांचा परिणाम होतो. कॉपर-टी आणि अंतरा यांवर होत नाही.

पाळी आणायच्या काढ्यांबद्दल मला कळकळीने सांगायचंय. अंतरा घेतल्यावर पाळी अनियमित होते, पुढे बरेचदा थांबते. छायाने पाळी लांबते. घरातली मोठी बाई म्हणते, ‘घाण रगत आत साचता’, आणि मग कोरफडीचं कुमारी आसव, कच्ची पपई, तीळ-गूळ, कसला तरी पाला सुरू होतो. आत काहीही साचत नाही. अस्तर जाड झालेलंच नसतं, मग बाहेर पडणार काय? त्या काढ्याने साधत काही नाही, आणि बाई खरंच गरोदर असेल तर धोका तिलाच. पाळी लांबली की आधी चाचणी. तसंच डाग लागले म्हणून परस्पर अशोकारिष्ट सुरू करू नका. अशोकारिष्ट वाईट औषध नाही, पण डाग का लागतायत ते कळायच्या आधीच ते झाकलं जातं. गोळी चुकणं, जंतुसंसर्ग, गर्भाशयाच्या मुखाचा आजार, काहीही असू शकतं. तुमचे डाग कॅप्सूल सोडल्यावर दुसऱ्या पाकिटातही राहिले तर आतून तपासणी करून घ्या.

गणपती जवळ आले की आणखी एक गोष्ट होते. पूजेत अडचण नको म्हणून पाळी पुढे ढकलायच्या नोरेथिस्टेरॉनच्या गोळ्या मेडिकलमधून सर्रास आणतात. या गोळ्या गर्भनिरोधक म्हणून नाहीत. आणि रोजच्या तीन गोळ्यांच्या मात्रेत त्यांचा थोडा भाग अंगात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. आधी रक्ताची गुठळी झालेली असेल, डोळ्यांपुढे झगमग होऊन अर्धशिशी येत असेल, तर त्या घेऊ नयेत. माला-एन घेणारीला त्यांची गरजही नाही. २१ हार्मोनच्या गोळ्या संपल्यावर लोहाच्या सात सोडून नवं पाकीट लगेच सुरू केलं की पाळी पुढे जाते. मालक (नवरा) मुंबईहून येणार म्हणून दोन दिवस आधी माला-एन सुरू करणाऱ्याही आहेत. पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरू केली तरच लगेच संरक्षण, इतर कधीही सुरू केली तर पहिले सात दिवस निरोध हवा.

आता घरात सांगण्याचं. ताई, सगळ्यांना सांगाच असं मी म्हणणार नाही, तुमच्या घरातली हवा तुम्हाला माहीत. पण काढा देणाऱ्या वैद्यांपासून आणि गोळी देणाऱ्या डॉक्टरपासून काही लपवू नका. बायका वैद्यांना गोळीचं सांगत नाहीत, लाजतात. आणि आम्हाला काढ्याचं सांगत नाहीत, आम्ही ओरडू म्हणून. काही डॉक्टर ओरडतातही, त्याने बाई पुढच्या वेळी गप्प बसते आणि नुकसान तिचंच होतं. येताना घरातल्या सगळ्या डब्या, पुड्या, बाटल्या पिशवीत घालून आणा. नावं पाठ करायची गरज नाही.

आणि साधन बदलायचा विचार करा. तुम्हाला पुढचं मूल लगेच नको असेल आणि घरात काढे-कल्प चालूच राहणार असतील, तर मी कॉपर-टी सुचवेन. ती गर्भाशयातच काम करते, यकृताशी तिचा संबंध नाही. कुठलीही वनस्पती, कुठलीही पुडी, जुलाब, उलटी, कशानेच तिचा भरवसा कमी होत नाही. प्रकारानुसार पाच ते दहा वर्षं चालते, काढली की दिवस राहू शकतात, सरकारी दवाखान्यात मोफत बसते. पाळीचा स्राव थोडा वाढतो, म्हणून आधी हिमोग्लोबिन बघू.

तोवर माला-एन घेताना पोटरी एका बाजूला सुजून दुखणं, छातीत दुखणं, अचानक दम लागणं, कधी नव्हे एवढं डोकं दुखणं किंवा दिसेनासं होणं, यातलं काहीही झालं तर चाचणीची, काढ्याची, कशाचीच वाट न बघता १०८ला फोन करून रुग्णालय गाठा आणि गोळी चालू आहे हे पहिल्या वाक्यात सांगा.